चौदा दिवसांचा नेम



नाथबाबांच्या कावडीची कथा वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची म्हणून कावड खांद्यावर घेतलेली, आणि वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसले. बरोबरच्यांनी हळहळ केली आणि ते पुढे चालू लागले. नाथांनी कावड उतरवली आणि सगळी गंगा त्या गाढवाच्या तोंडात ओतली. गाढव उठले, आणि नाथांना रामेश्वर तिथेच पावला. नामदेवरायांची कथाही त्याच जातीची. कुत्र्याने भाकरी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की बाबा, कोरडी खाऊ नकोस. या कथा मी पन्नास वर्षे कीर्तनात उभा राहून सांगितल्या. मृदंगावर थाप पडायची, टाळकरी डोलायचे, आयाबाया पदराने डोळे पुसायच्या. दयेचा क्षण मोठा असतो, आणि तो एका दमात सांगून होतो.

पण समजा, ते गाढव पाणी पिऊन उठले नसते तर? त्याचा पाय मोडलेला असता तर? मग रात्र त्याच वाळूत काढावी लागली असती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, तिसऱ्या दिवशी जखमेवरच्या माश्या हाकायच्या, चौथ्या दिवशी बरोबरचे यात्रेकरू नजरेआड झालेले. नाथ थांबलेच असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ते थांबणे कसे असते, दिवसामागून दिवस त्यात काय करावे लागते, हे कथेत येत नाही, कारण कथा त्याच्या आधीच पूर्ण होते. तो पुढचा भाग मला आमच्या घरच्या कुत्र्याने दाखवला. तो या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावा असे बरेच दिवस मनात होते.

आमचे उंब्रज कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावात आहे. तारळीच्या काठाने वर गेले की पालीचा खंडोबा. पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, आणि भंडाऱ्याने माणसे, वाटा, नदीचे पात्र, सगळे पिवळे होते. काही वर्षांपूर्वी त्या यात्रेहून परतणाऱ्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून एक पिलू आमच्या दारात उतरले आणि ओसरीवर राहिले. खंडोबापाशी कुत्रा असतोच, म्हणून नातवाने त्याचे नाव खंड्या ठेवले. गावठी जातीचा, तांबूस, एक कान पडलेला. संध्याकाळी आम्ही हरिपाठाला बसलो की तो उंबऱ्याबाहेर पाय पसरून पडायचा आणि शेवटची आरती झाली की उठून अंग झाडायचा.

गावाला लागूनच पुणे-बंगळूर महामार्ग आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीच्या रात्री सेवारस्त्यावर एका गाडीने खंड्याला उडवले. दुसऱ्या दिवशी आळंदीहून माऊलींची पालखी निघायची होती. गाडी कुणाची ते कळले नाही, आणि ते शोधण्यात वेळ घालवण्यासारखी खंड्याची अवस्थाही नव्हती. उजवा मागचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात रक्त थांबवले, सलाईन लावले, पट्टी बांधली. तीन दिवस वाट पाहिली. पण पंजा गार पडला होता, चिमटा काढला तरी त्याला कळत नव्हते, आणि बोटांचा रंग काळवंडत चालला होता. डॉक्टर म्हणाले, "बुवा, हे हाड जुळणारे नाही. आता ठेवले तर सड वर चढेल आणि जनावर जाईल. पाय काढावा लागेल, तोही मांडीतून वर. खाली थोटूक ठेवले तर तो ते टेकायला बघतो आणि रोज जखम करून घेतो."

हे ऐकून घरात सगळे गप्प झाले. गावात मात्र ज्याला त्याला बोलायला सुचत होते. कुणी म्हणाले, सुई देऊन मोकळा करा. कुणी म्हणाले, माळावर सोडा, जगला तर जगला. तीन पायांवर कुत्रे काय जगणार, असे बहुतेकांचे म्हणणे. मीही डॉक्टरांना तेच विचारले. त्यांनी समजावले, की कुत्र्याच्या अंगाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि 40 टक्के मागच्या दोहोंवर. मागचा एक पाय गेला तर उरलेल्या तिघांवर तो तोल सांभाळतो, काही आठवड्यांत पळूही लागतो. "माणसाला पाय गेल्याचं दुःख मनात जास्त असतं," ते म्हणाले, "हा फक्त उठायचं कसं ते शोधत बसेल." या वाक्यावर मी निर्णय केला.

शस्त्रक्रिया शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात करायची ठरली. प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव त्या महाविद्यालयाला आहे. दिवस मिळाला तो ज्येष्ठ वद्य एकादशीचा. भूल द्यायची म्हणजे पोट रिकामे हवे, नाहीतर भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून आदल्या रात्रीपासून त्याला खायला नव्हते. माझा उपास नेमाचा आणि त्याचा औषधाचा, पण एकादशी दोघांनाही घडली. पहाटे धाकट्या मुलाने गाडी काढली. सातारा मागे टाकले, खंबाटकीचा बोगदा ओलांडला, आणि शिरवळला पोचलो. त्याच वेळी तिकडे माऊलींची पालखी पुणे सोडून दिवे घाटाकडे निघाली होती. बाहेरच्या बाकावर बसून मी नातवाच्या मोबाईलवर घाटातली ती पताकांची रांग पाहत होतो, आणि आत खंड्याचा पाय वेगळा होत होता.

दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळे नीट झाले म्हणून सांगितले. मग घरी काय काय करायचे ते सांगितले, आणि मी ते वहीत उतरवून घेतले. टाके चौदा दिवसांनी काढायचे. तोवर जखमेला पाणी लागता कामा नये आणि त्याची जीभ लागता कामा नये. पायरी नाही, उडी नाही, पळणे नाही. दोरीला धरून लघवी-शौचापुरते दहा मिनिटे बाहेर. औषधे वेळेवर, वेदनेचे औषध पोटात अन्न असतानाच. माणसाच्या डोकेदुखीच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या चुकूनही द्यायच्या नाहीत, त्या कुत्र्याला विषासारख्या होतात. हळद, राख, रॉकेल, असले काही जखमेवर लावायचे नाही.

चौदा दिवस मोजले तर आषाढ शुद्ध दशमी येत होती. म्हणजे पालख्या पंढरीत शिरतात तो दिवस.

वयामुळे आळंदीपासूनचे चालणे माझे सुटले आहे. पण लोणंदला आमच्या दिंडीत सामील व्हायचे आणि तिथून पंढरी गाठायची, हा नेम कधी चुकला नव्हता. घरी हिने लगेच सांगितले, "तुमी जावा लोणंदला. मी बघते त्येला." पण खंड्याचे वजन 18 किलो आणि हिचे दोन्ही गुडघे धरलेले. मुलगा कराडला पाळीवर जातो, नातवाची शाळा सुरू झालेली. दिवसातून पाच वेळा त्याला उचलायला मोकळा माणूस घरात एकच होता. दिंडीतल्या एका जुन्या माळकऱ्याचा फोन आला. म्हणाले, "बुवा, कुत्र्यापायी वारी चुकवली व्हय? नेम मोडला की तुमचा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखरची हळहळ होती, आणि म्हणूनच ते लागले. मी रामकृष्ण हरी म्हणून फोन ठेवला. उत्तर माझ्याजवळ तेव्हा तयार नव्हते. ते पुढच्या चौदा दिवसांत हळूहळू गोळा झाले.

पहिली रात्र भुलीची. खंड्याचे अंग गार पडले होते. तो थरथरत होता आणि लांब सुरात कण्हत होता. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, की हे कण्हणे सगळे वेदनेचे नसते, भूल उतरताना जनावर गोंधळते. आम्ही त्याच्यावर घोंगडी घातली. दर तासाला चमच्याने दोन घोट पाणी. मध्यरात्री त्याने उठायचा प्रयत्न केला आणि नसलेल्या पायावर भार टाकून पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. शहाबादी फरशीवर त्याची नखे घसरत होती. आम्ही सगळ्या खोलीत सतरंज्या आणि गोणपाट अंथरले. मग माझे जुने उपरणे त्याच्या पोटाखालून घेतले, दोन्ही टोके हातात धरली आणि मागचा भार उचलून धरला, तेव्हा तो तीन पायांवर उभा राहिला. ते उपरणे त्या दिवसापासून त्याचेच झाले. ज्या उपरण्याने कीर्तनात कमर कसली, ते कुत्र्याच्या पोटाखाली गेले म्हणून एक-दोघांनी नाके मुरडली. उपरणे तेच आहे, आणि ते कशाला बांधायचे एवढेच काय ते बदलले.

गळ्याभोवती प्लॅस्टिकचे पांढरे नरसाळ्यासारखे कडे होते, जीभ जखमेपर्यंत पोचू नये म्हणून. नातू म्हणाला, "आबा, खंड्याला भोंगा बसवलाय कीर्तनाचा." आम्ही हसलो, पण खंड्याला त्या कड्याचा फार जाच व्हायचा. दारात अडकायचे, पाण्याच्या भांड्यावर आपटायचे. तो माझ्यासमोर येऊन मान वर करून बसायचा, की हे काढा. दिवसातून वीस वेळा. आणि वीस वेळा मी नाही म्हणायचो. कुत्र्याच्या लाळेने जखम बरी होते अशी आपल्याकडे समजूत आहे. खरे तर चाटून चाटून तो टाके उसवतो आणि तोंडातले जंतू आत घालतो.

इथे एक गोष्ट मनाला फार लागली. जन्मभर माझा व्यवसाय शब्दांचा. कुणाच्या घरी दुःख झाले तर चार संतवचने सांगून मी त्याचे मन थाऱ्यावर आणू शकत होतो. पण खंड्याला मी काय सांगणार होतो? पाय का कापला, गळ्यात हे कडे का, रोज ही गोळी घशात का, अंगणात मोकळे का सोडत नाही, यातले एकही कारण त्याच्यापर्यंत पोचवायला माझ्याजवळ शब्द नव्हता. त्याच्या दृष्टीने हे सगळे मीच करत होतो. आणि तरीही तो माझ्याच मांडीवर डोके ठेवत होता. ज्याच्याकडून दुःख येते आहे त्याच्याच पायाशी पडून राहायचे, हे आम्ही शरणागतीच्या प्रकरणात किती घोळून सांगतो! आणि विठ्ठल आपले गाऱ्हाणे ऐकत नाही म्हणून किती लवकर रुसतो! मी त्याला नाही म्हणत होतो ते माया होती म्हणूनच. तशी एखादी माया माझ्याही वाट्याला कधी आली असेल आणि मी तिला कठोर म्हणालो असेन. यापुढे मी या उपमेला ताणणार नाही. वाचक आपापल्या आयुष्याशी ताडून पाहतील.

शब्द नाहीत, तर उरतो हात. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना हाताचे जे वर्णन केले आहे, ते मी कितीदा निरूपणाला घेतले होते. ज्ञानी पुरुषाचा हात जनावराला कुरवाळतो तेव्हा इतका हलका असतो, की त्यापुढे मलयगिरीवरचा वाराही खरखरीत वाटावा. तिथेच मांजरीचा दाखला येतो. ती पिलाला दातांत उचलते, पण दात रुतू देत नाही. औषध लावताना मला रोज ती मांजर आठवायची. धरायचे तर घट्ट, नाहीतर तो निसटून पडेल, आणि लागू तर द्यायचे नाही. तिसऱ्या दिवशी माझा अंगठा टाक्याला लागला तेव्हा खंड्याने दात दाखवले. हे असे पहिल्यांदाच झाले. वेदनेतले जनावर धन्यालाही चावते, त्यात त्याचा दोष नसतो. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मग मी औषधाच्या वेळी मऊ फडक्याची सैल पट्टी त्याच्या तोंडाला बांधू लागलो. त्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली होती, ही मोठी निश्चिंती. कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यात धीर धरण्यासारखे काही नाही.

चौथ्या दिवशी टाक्यांभोवती मांडी सुजून जांभळी झाली. आम्ही घाबरलो. फोनवर डॉक्टरांनी विचारले, वास येतो का, पू आहे का, अंग तापले आहे का, खाणे सोडले आहे का? यातले काही नव्हते. मग ते म्हणाले, ही मुकी सूज आहे, हळूहळू पिवळी पडेल आणि उतरेल. खरी भीती माश्यांची होती. आषाढाचे दिवस, बाहेर पावसाची धार, घरात ओल. जखमेवर माशी बसून अंडी घालून गेली तर दोन दिवसांत अळ्या पडतात. हिने नातवाच्या पाळण्याची जुनी मच्छरदाणी शोधून काढली आणि खंड्यावर टांगली. दिवसा मी तिथेच पोथी घेऊन बसायचो. वाचन होत होते, आणि मधूनमधून पंचाने माश्या हाकणेही होत होते.

पाचव्या दिवशी माऊलींच्या पादुकांना नीरेचे स्नान झाले आणि पालखी लोणंदला आली. त्या संध्याकाळी मी फार अस्वस्थ होतो. ते नीरेचे पाणी, तो तळ, आमच्या दिंडीचा तंबू, सगळे डोळ्यांपुढे दिसत होते. हरिपाठाला बसलो. खंड्या आतल्या खोलीत मच्छरदाणीत कण्हत होता, म्हणून त्या दिवशी ओसरी सोडून त्याच्याजवळच बसलो. टाळ हळू वाजवले. पाच-सहा अभंग झाले असतील, आणि त्याचे कण्हणे थांबले. त्याला हरिपाठ समजला असे मी म्हणणार नाही. ओळखीचा सूर, ओळखीची वेळ, ओळखीचा वास, एवढ्याने जनावराला भरवसा येतो. पण मला त्या दिवशी वाटले, की नेमाचा उपयोग हाच तर असतो. रोज ठरल्या वेळी तेच केले, म्हणून अवघड दिवशी ते आधाराला आले. त्याच्याही आणि माझ्याही.

सातव्या दिवशी चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले. रिंगणात माऊलींचा घोडा धावतो आणि त्याच्या टापेखालची धूळ आपण कपाळाला लावतो. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि रथाचे बैल यांच्यावाचून आपला सोहळा पुरा होत नाही. हा सोहळा ज्यांनी बांधला ते हैबतबाबा आपल्या साताऱ्याकडच्या आरफळचे. मुक्या जनावराला इतका मान आपल्या परंपरेने दिला आहे. मग दारच्या जनावराला औषध पाजायला घरी राहिलो, तर मी सोहळ्याबाहेर पडलो असे मला वाटेना.

याच सुमाराला अंड्याचा प्रश्न आला. जखम भरायला मांस वाढवणारे अन्न हवे, रोज एक-दोन उकडलेली अंडी द्या, असे डॉक्टर म्हणाले होते. आमचे घर माळकऱ्याचे. घरात कधी अंडे आले नाही. आम्ही दूध, दही, पनीर, शिजवलेली डाळ-भात यांवर भर दिला, पण पहिल्या आठवड्यात खंड्याचे खाणे फार कमी झाले होते. शेजारचा मुलगा म्हणाला, "आबा, मी माझ्या घरी उकडून आणतो आन् अंगणात चारतो, तुमी नुसतं धरा." मी रात्रभर विचार केला. माऊलींनी त्याच तेराव्या अध्यायात वैद्यकाचीही झडती घेतली आहे, की एका जीवाला बरे करायला दुसऱ्या किती झाडांची मुळे उपटता, किती जीव दुखावता. तो विचार खोटा नाही. पण माळ मी माझ्या गळ्यात घातली, खंड्याच्या गळ्यात कुणी घातली नाही. देवाने त्याला दिलेला आहार त्याचा. माझ्या व्रताची किंमत त्याच्या जखमेने मोजायची, हे मला पटेना. मी दुसऱ्या दिवशी अंगणात त्याची दोरी धरून उभा राहिलो, आणि शेजारच्या मुलाने अंडे चारले. काही वाचकांना हे रुचणार नाही. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांनी आपल्या घरी आपला विवेक चालवावा.

खाण्यावरून एक महत्त्वाचे सांगतो. भेटायला आलेले एक स्नेही तासगावचे बेदाणे घेऊन आले आणि प्रेमाने मूठभर खंड्यापुढे धरले. नातवाने ते झटकन मागे ओढले, कारण त्याने वहीत वाचले होते. द्राक्षे, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात, कधी जीवही जातो. कांदा-लसूण आणि चॉकलेटही तसेच. आपल्या प्रसादात बेदाणे असतात, म्हणून हे ध्यानात ठेवावे. प्रसाद द्यावासा वाटला तर साखर-खोबऱ्याऐवजी चतकोर भाकरी द्यावी.

महाभारताची सुरुवात कुत्र्याने होते आणि शेवटही कुत्र्याने होतो, हे त्या दिवसांत पुन्हा वाचताना नव्याने जाणवले. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या एका पिलाला राजाचे भाऊ विनाकारण मारतात. त्याची आई सरमा जाब विचारते, उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देऊन जाते. शेवटी महाप्रस्थानात एक एक करून सगळे पडतात, धर्मराजाबरोबर उरतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड. धर्मराज म्हणतो, आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. मग तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघतो. कीर्तनात या जागी हमखास जयजयकार होतो. पण ज्या क्षणी धर्मराज नाही म्हणाला, त्या क्षणी त्याच्यापुढे होता तो नुसता कुत्रा. धुळीने माखलेला, दमलेला. तो देव आहे हे ठाऊक असते तर परीक्षा ती कसली? आमचा खंड्या कोणताही देव निघणार नव्हता. तो चौदा दिवसांनंतरही कुत्राच राहणार होता, आणि ते तसेच ठीक होते.

वारीचा नेम मोडला का, याचे उत्तर मला पुंडलिकापाशी मिळाले. दयेच्या बहुतेक कथा क्षणाच्या आहेत, म्हणून मी वर म्हणालो की थांबण्याची कथा सापडत नाही. पण आपल्या संप्रदायाचे मूळच थांबण्याच्या कथेत आहे. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. त्याने हातातली सेवा टाकली नाही. वीट सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. देव अजून थांबला आहे. कुत्र्याची सेवा आईबापाच्या सेवेच्या तोलाची असे मी म्हणत नाही, तोल ज्याचा त्याचा. पण हातात घेतलेली सेवा पुरी होईपर्यंत देव थांबतो, हे सांगण्यासाठीच तो विटेवर उभा आहे. तसे नसते तर आपण पंढरीला कुणाला भेटायला जातो? पहाटे उठणे, ठरल्या वेळी ठरले ते करणे, पावसापाण्याची आणि कंटाळ्याची तमा न बाळगता पुढच्या मुक्कामाकडे पाहणे, हे सगळे मला वारीनेच शिकवले होते. पहाटे चारला उपरणे घेऊन खंड्याला बाहेर नेताना मी तेच वापरत होतो. ज्या माळकऱ्यांनी फोन केला होता त्यांना मी पुढे हेच सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता कसा हाय तो?"

आषाढ शुद्ध दशमीला सकाळी गावातल्या दवाखान्यात टाके काढले. जखम कोरडी, कातडी नीट जुळलेली. गळ्यातले कडे सोडले तेव्हा खंड्याने आधी अंग झाडले, तोल जाऊन एका बाजूला बसला, परत उठला, आणि मग कितीतरी वेळ नुसते पुढचे पंजे चाटत राहिला. संध्याकाळी वाखरीहून पालख्या पंढरीत शिरल्याचे कळले. आम्ही घरीच हात जोडले.

आता तो पळतो. ससा पळावा तसे टुणटुण पळणे आहे, पण पळतो. जिना चढत नाही, वजन वाढू द्यायचे नसते म्हणून भाकरी मोजून मिळते, आणि महामार्गाच्या बाजूला त्याला सोडत नाही. त्या कार्तिकीला मी पंढरपूरला गेलो. जाताना वेशीपर्यंत तो मागे आला आणि नातवाने हाक मारल्यावर परत फिरला.

पुढच्या आषाढीला आपण सगळे निघाल, तेव्हा घरी कुणीतरी मागे राहिलेले असेल. कुणी म्हाताऱ्या सासूपाशी, कुणी ओल्या बाळंतिणीपाशी, कुणी व्यालेल्या गाईपाशी. परत आल्यावर त्यांच्या कपाळाला बुक्का लावताना त्यांची वारी चुकली असे म्हणू नका. त्यांच्याही पाया पडा.

रामकृष्ण हरी.